लाखांतील एक

मनुष्याचें आयुष्य थोडें, त्यांतून विद्येला देतां येईल असा भाग त्याहून थोडा, आणि जगांतील दुःखाला मात्र अंत नाहीं. अशा स्थितींत बुद्धिमान् मनुष्यानें आपलें आयुष्य कोणाच्या दुःखासाठीं वेंचावें, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत फारसा चर्चिला जात नसला तरी घरोघर पडणारा आहे. व्यवहाराचें उत्तर ठरलेलें आहे : ज्यायोगें पुष्कळांचें पुष्कळ हित होईल तें करावें. विहीर खणावयाची ती गांवाच्या मध्यावर, धर्मशाळा बांधावयाची ती वाहत्या रस्त्यावर. आडरानांत पाणपोई घालणाऱ्याला कोणी पुण्यवान् म्हणत नाहीं, वेडा म्हणतात. हाच न्याय वैद्यकविद्येला लावला, तर लाखांत एखाद्यालाच जडणाऱ्या व्याधीच्या मागें सारा जन्म घालविणारा विद्वान् हा आडरानांतील पाणपोईवालाच ठरतो. तो खरोखर तसा आहे काय, याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

नुसत्या तत्त्वचर्चेंत असे प्रश्न लवकर हरवतात. म्हणून एका माणसाचें चरित्र समोर ठेवून तो पाहणें बरें. सर आर्चिबाल्ड गॅरॉड यांचा जन्म १८५७ सालीं लंडन शहरीं झाला. त्यांचे वडील सर आल्फ्रेड बेअरिंग गॅरॉड हे नामांकित वैद्य. गाउट नांवाच्या सांधेदुखीच्या रोग्यांच्या रक्तांत यूरिक ॲसिड सांचतें, हें त्यांनीं १८४८ सालीं दाखविलें होतें. मुलाला वडिलांपासून रसायनाची दृष्टि मिळाली. ऑक्सफर्ड येथें सृष्टिविज्ञानाचा अभ्यास करून तो लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांत वैद्यक शिकला, आणि पुढें तेथेंच व मुलांच्या एका मोठ्या रुग्णालयांत रोगी पाहूं लागला. परंतु संशोधनासाठीं त्यानें जो विषय निवडला तो ऐकून त्या काळीं कोणालाही हंसूं आलें असतें. तो विषय म्हणजे मूत्राचे रंग.

यांतील एक रंग तांबडा. आपल्या रक्ताला जो तांबडेपणा आहे तो हीम नांवाच्या द्रव्याचा. हें हीम शरीरांत आठ पायऱ्यांनीं तयार होतें, आणि प्रत्येक पायरीला एकेक निराळें एन्झाइम, म्हणजे ती क्रिया घडवून आणणारें द्रव्य, लागतें. वाटेंत जीं जांभळट तांबडीं द्रव्यें उत्पन्न होतात त्यांना पॉर्फिरिनें म्हणतात. जांभळ्या रंगाच्या ग्रीक नांवावरून तें नांव पडलें आहे. एखादें एन्झाइम जन्मतःच दुबळें असलें कीं त्याच्या अलीकडचीं द्रव्यें तुंबतात, आणि बांध घातलेलें पाणी जसें दुसरीकडून वाट काढतें तशीं तीं मूत्रावाटे किंवा अन्य मार्गानें बाहेर पडूं लागतात. हाच पॉर्फिरिया नांवाचा रोगसमूह होय. गॅरॉड यांच्या तरुणपणीं यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. सल्फोनल नांवाचें झोपेचें औषध घेणाऱ्या कांहीं रोग्यांचें मूत्र गडद तांबडें होतें व त्यांतले कांहीं दगावतात, एवढें १८८९ च्या सुमारास नजरेस आलें होतें. गॅरॉड यांनीं १८९२ सालीं असें दाखवून दिलें कीं, हें तांबडें द्रव्य निरोगी माणसाच्या मूत्रांतही अगदीं अल्प प्रमाणांत असतें. गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते. परंतु रोगी आणि निरोगी यांच्यामध्यें वाटतो तसा तट नाहीं, एकाच्या अंगीं जें उघड दिसतें तेंच दुसऱ्याच्या अंगीं झांकलेलें असतें, हा विचार तिच्या पोटांत होता.

दुसरा रंग काळा. अल्कॅप्टोन्यूरिया नांवाच्या विकारांत मूत्र बाहेर पडतांना स्वच्छ असतें, पण हवेंत राहिलें कीं काळवंडतें, आणि तान्ह्या मुलाच्या दुपट्यांवर काळे डाग पडतात. अडीच लाखांपासून दहा लाखांपर्यंत माणसांत एखाद्यालाच हा विकार असतो. त्या वेळचे विद्वान् म्हणत कीं, आंतड्यांत कांहीं जंतु शिरल्यामुळें असें होत असावें. गॅरॉड यांच्या पाहण्यांत असें एक मूल आलें. त्याची आई पुन्हां गरोदर आहे असें कळल्यावर त्यांनीं पुढच्या अर्भकाच्या दुपट्यांवर जन्मापासूनच लक्ष ठेवविलें. तीन दिवस पुरे होण्याच्या आंतच डाग दिसूं लागले. जंतूंना इतक्या लवकर ठाण मांडणें शक्य नव्हतें. विकार मुलाबरोबरच जन्मला होता. पुढें चौकशी करतां असें आढळलें कीं, अशा मुलांचे आईबाप पुष्कळदां एकमेकांचीं सख्खीं चुलत, मामे किंवा आते भावंडें असतात. केंब्रिजचे विल्यम बेटसन यांनीं हें ऐकून मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमाशीं त्याचा मेळ घालून दाखविला. १९०२ सालीं गॅरॉड यांनीं या विकारावर जो निबंध लिहिला, त्यांत प्रत्येक मनुष्याला चेहऱ्यासारखेंच स्वतःचें असें रासायनिक व्यक्तित्व असतें हा सिद्धांत मांडला. १९०८ सालच्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत त्यांनीं असे चार जन्मजात दोष एकत्र घेतले, आणि १९२३ सालच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तींत जन्मजात पॉर्फिरियाची त्यांत भर घातली.

आतां या चित्राशेजारीं दुसरें एक चित्र ठेवूं. कारण तें आमच्या महाराष्ट्राचें आहे. १८९६ सालच्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत प्लेग दिसला आणि पाहतां पाहतां त्यानें शहर ओस पाडलें. त्या धामधुमींत वाल्देमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगची लस तयार केली, व १८९७ सालच्या जानेवारीच्या १० तारखेस ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. त्यानंतर लवकरच लंडनमध्यें गॅरॉड काळ्या डागांचीं दुपटीं निरखूं लागले. एकीकडे हजारों प्रेतें आणि दुसरीकडे एक धडधाकट दिसणारें मूल, ज्याच्या मूत्राचा रंग तेवढा निराळा! या दोघांपैकीं कोणाचें काम श्रेष्ठ असें मुंबईच्या त्या वर्षींच्या एखाद्या बापाला विचारलें असतें, तर उत्तराला क्षणाचाही वेळ लागला नसता. आणि तें उत्तर चुकीचें आहे असें म्हणण्याचें धाडस आम्हांलाही होत नाहीं.

हा विरोध केवळ इतिहासांतला नव्हे. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचा मुलगा वैद्यकाच्या उच्च परीक्षा उत्तम रीतीनें उत्तीर्ण होऊन पॉर्फिरिनांचा चयापचय व त्यांच्या बिघाडानें मूत्रपिंडांना पोंचणारी इजा याच विषयाच्या संशोधनांत पडला आहे. तीव्र पॉर्फिरियाच्या रोग्यांना वर्षांनुवर्षांनंतर मूत्रपिंडांचा जुनाट विकार जडण्याचा संभव मोठा असतो, आणि तो कां जडतो याचा उलगडा अजून पुरता झालेला नाहीं. वडिलांचें म्हणणें असें कीं, "आमच्या तालुक्यांत मधुमेहानें मूत्रपिंडें गेलेलीं माणसें डायलिसिससाठीं पहांटेच्या एस. टी. नें जिल्ह्याच्या गांवीं जातात. त्यांना धड सल्ला देणारा डॉक्टर नाहीं. आणि आमचे चिरंजीव, उभ्या जिल्ह्यांत दोघे सांपडणार नाहींत अशा रोगाच्या मागें! हें विद्येचें चीज कीं नासाडी?" या प्रश्नांत मुलाविषयींची निराशा कमी व शेजाऱ्यांविषयींची कळकळ अधिक होती, म्हणून त्याला थातुरमातुर उत्तर देणें योग्य होणार नाहीं.

अशा प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरें देतात. पहिलें उत्तर असें कीं, आज निरुपयोगी वाटणारें ज्ञान उद्यां सर्वांच्या उपयोगीं पडतें. याला आधार भरपूर आहे. १८१० सालीं वुलस्टन या रसायनज्ञाला मूत्राशयांतल्या एका दुर्मिळ खड्यांत एक नवें द्रव्य सांपडलें. त्यालाच पुढें सिस्टिन हें नांव मिळालें. तें केवळ रोगाचें द्रव्य असें जवळजवळ नव्वद वर्षें लोक समजत होते. १८९९ सालीं तें शिंगांतही निघालें, आणि आज आपणांस ठाऊक आहे कीं, आपल्या केंसांना व नखांना जो चिवटपणा आहे तो पुष्कळ अंशीं त्याचाच. गॅरॉड यांच्या विचाराचेंही असेंच झालें. बीडल व टेटम यांनीं १९४१ सालीं बुरशीवर प्रयोग करून एकेक जनुक एकेका एन्झाइमचा कारभार पाहतो असें दाखविलें, व त्याबद्दल १९५८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. तेव्हां हें तत्त्व गॅरॉड यांना कितीतरी आधीं दिसलें होतें, असें बीडल यांनीं स्वतः मोकळेपणानें सांगितलें. औषधांच्या बाबतींत पाहिलें, तर तीव्र पॉर्फिरियाच्या झटक्यांत शिरेवाटे हेमॅटिन देण्याचा प्रयोग अमेरिकेंत १९७१ सालीं प्रसिद्ध झाला, आणि २०१९ सालीं तेथें गिव्होसिरान या औषधाला मान्यता मिळाली. हीम बनविण्याच्या पहिल्याच पायरीचा जो संदेश यकृतांतील पेशींत जातो तो संदेशच हें औषध मुकाट करतें. अल्कॅप्टोन्यूरियावरही २०२० सालीं युरोपांत निटिसिनोन या औषधाला मान्यता मिळाली. गॅरॉड यांच्या निबंधापासून तेथवर ११८ वर्षें लोटलीं होतीं.

हें सारें खरें आहे. पण आमच्या प्रश्नाचें तें उत्तर नव्हे. पेरलेलें सर्वच उगवत नाहीं. ज्यांच्या विरळ विषयांतून कांहींच निघालें नाहीं असे कष्टाळू विद्वान् गॅरॉड यांच्या काळींही असतील, आणि त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत याचें कारणच तें आहे. केवळ शेवटचें फळ पाहून आपण गॅरॉड यांना शहाणे व त्या इतरांना वेडे म्हणूं लागलों, तर नीति ही सोडतीच्या निकालासारखी होईल. गॅरॉड यांनीं १९०२ सालीं जें केलें तें योग्य होतें कीं अयोग्य, याचा निर्णय २०२० सालच्या औषधावर टांगून ठेवतां येत नाहीं. तो १९०२ सालींच लागला पाहिजे. शिवाय त्या निबंधांतील कांहीं भाग पुढें दुरुस्त करावा लागला. मूत्रखडे उत्पन्न करणारा सिस्टिन्यूरिया हा विकार त्यांनीं चयापचयाच्या दोषांत घातला होता. पण डेंट व रोझ यांनीं १९५१ सालीं असें दाखविलें कीं, मूल दोष मूत्रपिंडाचाच आहे, गाळून आलेलें सिस्टिन परत शोषून घेण्याची त्याची शक्ति उणी असते. म्हणून गॅरॉड यांचें त्या विकारावरचें काम अनीतीचें झालें काय? असें कोणी म्हणणार नाहीं.

दुसरें उत्तर असें कीं, ज्ञान हें ज्ञानासाठींच मिळवावें, त्याला उपयोगाची कसोटी लावूंच नये. आम्ही जन्मभर अध्यापन केलें असल्यामुळें हें उत्तर आम्हांस प्रिय आहे. तरी तें येथें पुरें पडत नाहीं. ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्याला तें शोभतें, कारण ताऱ्याला कोणी आई नसते. वैद्याचें ज्ञान मात्र कोणाच्या तरी शरीरांतून येतें. त्या लंडनच्या आईनें आपल्या दोन दिवसांच्या मुलाचीं दुपटीं दाखविलीं, आणि त्याच्या मोबदल्यांत तिला औषध मिळालें नाहीं. कारण औषध नव्हतेंच. नॉर्वेमध्यें १९३४ सालीं घडलेली गोष्ट याहून हृदयद्रावक आहे. एका बाईचीं दोन्ही मुलें मतिमंद निघालीं. त्यांच्या अंगाला एक चमत्कारिक वास येतो एवढा एक धागा धरून ती वर्षानुवर्षें वैद्यांचे उंबरठे झिजवीत होती. शेवटीं अस्ब्यर्न फॉलिंग या वैद्यानें तिचें ऐकलें, मुलांचें मूत्र तपासलें, आणि ज्याला पुढें फेनिल्कीटोन्यूरिया हें नांव मिळालें तो जन्मजात दोष शोधून काढला. १९५३ सालीं पथ्याचा आहार निघाला, पुढील दहा वर्षांच्या आंत नवजात अर्भकाच्या टांचेतील रक्ताची परीक्षा निघाली, आणि अनेक देशांतील असंख्य मुलें मतिमांद्यापासून वांचलीं. त्या बाईच्या दोन मुलांना मात्र त्यांतलें कांहींच वेळेवर मिळालें नाहीं. हें ज्ञान ज्ञानासाठीं होतें असें तिच्या तोंडावर सांगण्याची कोणाची छाती होईल?

तेव्हां विरळ रोगाचा अभ्यासक हा ऋणको आहे, आणि त्याचें ऋण तो बहुधा मूळ धनकोला फेडूं शकत नाहीं, ही गोष्ट स्वच्छपणें मान्य केली पाहिजे. मग त्याच्या हातीं रोग्याला देण्याजोगें कांहींच नसतें काय? आमच्या मतें एक गोष्ट असते, व ती लहान नव्हे. तीव्र पॉर्फिरियाचा रोगी कसा असतो पाहा. पोटांत असह्य कळा येतात, पण पोट चाचपून कांहीं सांपडत नाहीं. हातापायांतलें बळ जातें, झोंप उडते, मन भ्रमतें. वैद्य शस्त्रक्रिया करून पाहतात व आंत कांहीं नाहीं म्हणून पोट पुन्हां शिवतात. पुढें त्याला, आणि विशेषतः ती तरुण स्त्री असेल तर तिला, ढोंगी किंवा वाताची ठरवितात. घरचींही हळूहळू तसें मानूं लागतात. कधीं कधीं गुंगी येण्यासाठीं दिलेलें बार्बिच्युरेट जातीचें औषधच तिचा घात करतें. अशा वेळीं कोणी एक मनुष्य तिचें मूत्र उजेडांत ठेवून, तें तांबडें काळसर होतें हें पाहून, "बाई, तुमचें दुखणें खरें आहे, त्याला नांव आहे, आणि अमुक औषधें तुम्हांला विष आहेत," असें सांगतो. औषध नसलें तरी एवढ्यानें तिची सुनेची, पत्नीची, माणसाची जागा तिला परत मिळते. नांव नसलेल्या दुःखाचा सर्वांत मोठा जाच दुःख हा नसून अविश्वास हा असतो. हा अविश्वास दूर करणें हें काम १९०२ सालींही करतां येण्यासारखें होतें. त्यासाठीं पुढच्या शतकाची वाट पाहण्याचें कारण नव्हतें.

आणि येथेंच आमच्या मूळ न्यायांतली चूक दिसूं लागते. आपण असें धरून चाललों होतों कीं, माणसें दोन प्रकारचीं : एक पुष्कळ, एकसारखीं, रस्त्यावरचीं, आणि दुसरीं विरळ, चमत्कारिक, आडरानांतलीं. गॅरॉड यांच्या सर्व अभ्यासाचें सार हेंच कीं, अशी वांटणी निसर्गांत नाहीं. आमच्या भाषेंत व्यक्ति तितक्या प्रकृति अशी म्हण आहे, आणि तिचा उपयोग आपण एखाद्याच्या हट्टी स्वभावाला हंसण्यापुरताच करतों. गॅरॉड यांनीं ती म्हण रक्तामूत्रांत खरी करून दाखविली. ज्यांचा दोष डोळ्यांना दिसतो तीं मुलें केवळ एका टोकाला उभीं आहेत. मधली सारी जागा तुम्ही, आम्ही भरून काढली आहे. एकच औषध एकाला गुण देतें व दुसऱ्याला बाधतें, एकाच घरांतलें एक मूल तापांतून उठतें व दुसरें जातें, याचें बीज पुष्कळ अंशीं येथेंच आहे. झांकलेला दोष दोन्ही बाजूंनीं आला म्हणजे तो मुलांत प्रगट होतो. आमच्याकडे अनेक कुळांत मामाची मुलगी करण्याची चाल आहे, त्यामुळें हा धडा आम्हांस तर लंडनकरांहूनही जवळचा असावयास हवा. हार्वे यानें १६५७ सालीं एका पत्रांत अशा आशयाचा उपदेश केला होता कीं, निसर्ग आपलीं गुपितें नेहमींच्या वाटेवर नव्हे, तर वाट सोडून गेलेल्या ठिकाणीं अधिक उघडीं करतो. आम्ही त्यांत एवढेंच घालतों कीं, तीं गुपितें विरळ माणसाचीं नसतात, आपल्या सर्वांचीं असतात.

तथापि यावरून असें मात्र निष्पन्न होत नाहीं कीं, सरकारनें गांवोगांवचे दवाखाने बंद करून सारा पैसा विरळ रोगांवर उधळावा. व्यक्तीचें कर्तव्य व समाजाचें कर्तव्य हीं येथें वेगळीं केलीं पाहिजेत. बहुतेक गोंधळ तीं एक मानल्यानें होतो. समाजाची थैली मोजकी असते, आणि ती सोडतांना संख्या पाहणें हें निर्दयपणाचें नसून न्यायाचें आहे. वर सांगितलेल्या गिव्होसिरानची किंमत अमेरिकेंत एका रोग्यामागें वर्षाला कांहीं लाख डॉलर पडते. भारत सरकारनें २०२१ सालीं विरळ रोगांविषयीं राष्ट्रीय धोरण जाहीर केलें, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयासारखीं कांहीं केंद्रें नेमिलीं, आणि २०२२ सालीं एका रोग्यामागें ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची मर्यादा घातली. ज्या औषधाला दरवर्षीं कोटीच्या घरांत खर्च येतो त्याला ही रक्कम पुरत नाहीं, हें उघड आहे. आणि तेवढ्याच रकमेंत डायलिसिसचे किती रोगी वर्षभर जगतील हा हिशेबही कोणी मांडला तर त्याला दोष देतां येत नाहीं. हें दुःख खरें आहे. तें कोणत्याही सिद्धांतानें पुसून टाकतां येत नाहीं, आणि तें पुसल्याचा आव आणणाऱ्या लेखकावर वाचकांनीं विश्वासही ठेवूं नये.

परंतु समाजानें बहुसंख्यांना आधीं वाढावें हें मान्य केलें, तरी प्रत्येक बुद्धिमान् मनुष्यानें तेवढेंच करावें असा नियम त्यांतून निघत नाहीं. घरांत आई सर्वांचें पान आधीं वाढते; पण आजारी मुलाजवळ रात्रभर बसणाऱ्या आजीला कोणी असें म्हणत नाहीं कीं, एका मुलापायीं तूं आठांना टाकलेंस. घराला दोघीही लागतात. ज्या समाजांत विरळ दुःखाजवळ बसणारें कोणीच नाहीं, त्या समाजांत बहुसंख्यांकडेही हळूहळू आंकडा म्हणूनच पाहिलें जातें. कारण माणसाला माणूस म्हणून मोजण्याची संवय जेथें मोडते तेथें ती एकट्या विरळांपुरती मोडत नाहीं. मात्र आजीनेंही घरचें काम अगदींच सोडतां कामा नये. गॅरॉड यांनीं तें सोडलें नव्हतें. ते रोज रुग्णालयांत खोकल्यातापाचीं साधीं मुलें पाहत. बालरोगांवरच्या एका मोठ्या पाठ्यग्रंथाचे ते एक संपादक होते. पदाच्या बाबतींत त्यांना घाई झाली नाहीं. सेंट बार्थोलोम्यूमध्यें मुख्य वैद्यांच्या मालिकेंत ते आले तें १९१२ सालीं, म्हणजे पन्नाशी उलटून गेल्यावर. १९२० सालीं त्यांना ऑक्सफर्डची रीजियस प्राध्यापकाची जागा मिळाली, आणि १९३६ सालीं ते वारले तेव्हांही त्यांच्या मुख्य सिद्धांताची थोरवी फार थोड्यांना कळली होती.

त्यांच्या चरित्रांतली आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पहिल्या महायुद्धांत गॅरॉड माल्टा बेटावर सैनिकांच्या वैद्यकीय व्यवस्थेंत होते. तेथें रोगी हजारांनीं येत, व विरळ रोगाचा अभ्यासक तेथें निमूटपणें बहुसंख्यांची सेवा करीत होता. त्यांना तीन मुलगे. १९१५ सालीं एक गेला, १९१६ सालीं दुसरा गेला, आणि युद्ध संपल्यावर १९१९ सालीं तिसरा इन्फ्लुएंझाच्या सांथींत गेला. त्या युद्धाचे व त्या सांथीचे मृत लाखांनीं, कोटींनीं मोजले जातात, आणि इतिहासाला तसें मोजावेंच लागतें. परंतु त्या बापाच्या घरीं तीनच गेले होते, आणि ते तिघे वेगवेगळे होते. प्रत्येक मनुष्य दुसऱ्याहून निराळा घडलेला असतो हें ज्यानें आयुष्यभर सिद्ध केलें, त्याला ही गोष्ट कोणी शिकवावयास नको होती. उरलेल्या एकुलत्या मुलीनें, डोरोथी गॅरॉड यांनीं, पुराणवस्तुशास्त्रांत नांव काढलें, आणि १९३९ सालीं केंब्रिज विद्यापीठांत प्राध्यापकपदीं निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

सारांश, विरळ रोगाच्या अभ्यासाला आयुष्य देणारा मनुष्य योग्य करतो कीं नाहीं, हें त्याच्या विषयाच्या विरळपणावरून ठरत नाहीं, व त्यांतून पुढें निघणाऱ्या फळावरूनही ठरत नाहीं. तें तीन गोष्टींवरून ठरतें. ज्याच्या शरीरांतून तो ज्ञान घेतो त्याला तो नमुना समजतो कीं धनको समजतो, ही पहिली. रोग्याला जें आज देतां येण्यासारखें आहे, म्हणजे विश्वास, नांव व अपायापासून बचाव, तें तो उद्यांच्या शोधाच्या आशेनें अडवून तर ठेवीत नाहीं, ही दुसरी. आणि चार माणसांचें दुखणें दारीं आलें तर विषयाचा अभिमान बाजूला ठेवून तो उठतो कीं नाहीं, ही तिसरी. या तीन गोष्टी ज्याच्या ठिकाणीं असतील त्याच्या आईबापांनीं जिल्ह्यांतल्या रोग्यांची खानेसुमारी करीत बसण्याचें कारण नाहीं. ज्याच्या ठिकाणीं त्या नसतील त्यानें प्लेगवर लस काढली तरी त्याच्या विद्येंत एक उणीव राहीलच. पाणपोई आडरानांत आहे कीं रस्त्यावर, हें तहान लागलेल्या वाटसरूला विचारावें. त्याला ती जेथें भेटते तेथेंच त्याचा रस्ता असतो.